पाटा, शॉकअप आणि आजी

'पाटा' म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मला कित्येक वर्षं पाटा-वरवंटाच आठवायचा. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीला मराठीतला तेवढाच पाटा ठाऊक! मेकॅनिकलच्या सेकंड इयरला 'लीफ स्प्रिंग' शिकले, तेव्हा कळलं की आमच्या गावचे मिस्त्री ज्याला पाटा पाटा म्हणतात, तो हाच. (व्याकरणाच्या चुका संपादकांनी सांभाळून घ्याव्यात, ही नम्र विनंती.)

आमचं गाव पाटण तालुक्यात. वाडी डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर वर, आणि मधला रस्ता म्हणजे नुसते धोंडे आणि चर. तिथे आजोबांनी घेतलेली महिंद्रा एमएम ५४० जीप अजून चालते. फोर व्हील ड्राइव्ह, चारही चाकांना पाटे. आजोबा गेल्यापासून काका चालवतात. आजीला मणक्याचा त्रास आहे आणि दर महिन्याला तिला खाली डॉक्टरकडे न्यायचं ते याच जीपमधून. बाबांचं कायम एकच, "विकून टाका ती." काकांचं उत्तर ठरलेलं, "मग आईला काय डोलीतून नेऊ?"

गेल्या मे महिन्यात मी इंजिनिअर असल्याच्या थाटात त्यात पडले. गाडी मागून बसली होती, दगडांना खाली घासायची. मी काकांना म्हटलं, एकेक पाटा वाढवू या. स्वस्तात काम! टाकले. गाडी झक्क उंच झाली. मी फोटोसुद्धा काढले.

आजी पहिल्यांदा बसली आणि घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "पुढच्या खेपेला मी चालत जाईन गं." बाई शहात्तर वर्षांची! मला वाटलं, म्हातारपणाची कुरकुर. पण जुलैत पावसात एका चरात जीप तिरकी अडकली. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत, आणि नेमकी तीच दोन गरागरा फिरतायत. साध्या डिफरन्शियलचं तेच असतं, ज्या चाकाला पकड नाही तेच फिरतं. काका म्हणाले, "आजवर इथं कधी अडकली नव्हती." आजीला छत्रीत धरून आम्ही अर्धा तास चालत घरी आलो. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं!

हॉस्टेलवर परत येऊन पुस्तक उघडलं. परीक्षेत मी हा फॉर्म्युला घडाघडा लिहिला होता. पाटे वाढले की त्या प्रमाणात कडकपणा वाढतो, आणि जाडी दुप्पट केली तर एका पाट्याचा कडकपणा आठपट होतो. कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीत खड्ड्यात खाली वाकतच नाही, त्यामुळे चाक जमीन सोडतं. म्हणजे जीप मी उंच केली होती खरी, पण तिचे पाय आखडले होते. मार्क मिळाले होते ते कशाचे, देव जाणे.

दिवाळीपर्यंत इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधले चौदा हजार साठले होते. आता काय करायचं, यावर वही भरली. आमच्या गाडीत पाटे ॲक्सलच्या खाली असतात, ते वर घ्यायचे हा हौशी लोकांचा आवडता उपाय. उंची भरपूर मिळते, पण मग स्टिअरिंगचे रॉड, ब्रेकचे पाइप, प्रॉपेलर शाफ्टचा कोन, सगळंच बदलत बसा. वर गुरुत्वमध्य चढतो तो वेगळाच, आणि आमचा रस्ता एका बाजूला कललेला! लांब शॅकल स्वस्त पडतात, पण जेवढी लांबी वाढवाल त्याच्या निम्मीच उंची मिळते, आणि पुढे लावले तर कॅस्टर बिघडतो. कॉइल स्प्रिंग बसवायच्या तर चॅसिसवर वेल्डिंग, आणि गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. पॅराबोलिक पाट्यांवर मात्र माझा खरंच जीव होता. मोजकेच पाटे, मध्ये जाड आणि टोकांना निमुळते, एकमेकांवर घासत नाहीत. किंमत ऐकली आणि वही मिटली.

कराडला एक म्हातारे पाटेवाले मिस्त्री आहेत. त्यांच्यासमोर मी वही उघडली, तर ते जीपखाली शिरून बाहेर आले आणि म्हणाले, "ताई, तुमचं पाटं एकाला एक चिकटल्यात. आदी ती तरी सुटी करा."

आणि हे तर पुस्तकात नव्हतंच! म्हणजे असेल, मी सोडलं असेल. पाट्यांच्या मध्ये गंज धरला की घर्षण इतकं वाढतं की बारीक दणक्याला स्प्रिंग हलतच नाही. दणका सरळ चॅसिसला, तिथून सीटला, तिथून आजीच्या मणक्याला. शॉकअप तपासायला मी बंपरवर उभी राहून उड्या मारल्या होत्या, गाडी ढिम्म हलली नव्हती. मी खूश, शॉकअप मजबूत म्हणून! प्रत्यक्षात चारपैकी तीन शॉकअपमधून तेल गळत होतं आणि गाडी धरून ठेवली होती ती गंजाने.

मग दोन दिवस नुसतं काम. चारही सेट उतरवले, वाढवलेले पाटे काढून टाकले, उरलेले घासून साफ केले. बसलेल्या पाट्यांची कमान मिस्त्रींनी ठोकून परत आणली. मध्ये ग्रॅफाइट ग्रीस, बुश नवे, यू बोल्ट नवे. शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळायचे, नाहीतर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात. यू बोल्ट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. चार नवे शॉकअप घेतले आणि चौदा हजारांतले सहाशे चाळीस रुपये उरले. टायरमधली हवाही थोडी कमी केली, ते फुकटात!

जीप आधीच्या माझ्या उंचीपेक्षा आता खाली आहे. फोटो काढण्यासारखी अजिबात दिसत नाही. त्याच चरातून काकांनी मुद्दाम तिरकी घातली, चाकं खाली-वर झाली पण जमिनीवरच राहिली. मागे आजी बसली होती. खाली पोचल्यावर तिने डॉक्टरांकडे पाठीऐवजी गुडघ्याची तक्रार केली. बाबा सध्या विकायचं नाव काढत नाहीत.

काढलेले पाटे मी गोठ्यात जपून ठेवले होते, प्रोजेक्टला लागतील म्हणून. संक्रांतीला गेले तर एक गायब. आजीने मला न विचारता लोहाराकडे देऊन त्याचा कोयता करून घेतला होता.

"चांगलं पोलाद आहे," ती म्हणाली, "गाडीखाली उगाच वाया जात होतं."