नोंद पोचल्याचा निरोप

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिम अंगाला, सह्याद्रीच्या कड्यालगत घाटघर, अंजनावळे, आहुपे अशी जी गावे आहेत, तेथील आदिवासी कुटुंबांनी वेचलेल्या हिरड्याची खरेदी मोबाइलवर नोंदवली जावी, अशी तजवीज एका संस्थेसाठी करण्याचे काम माझ्याकडे आले. आणि वजन, दर, पावती हे सारे यथासांग जमल्यावरही मला सर्वांत अधिक विचार करावा लागला तो ‘नोंद झाली’ या दोन शब्दांचा.

वेबचा सर्व्हर हा जात्याच विस्मरणशील कारकून आहे: एक अर्ज निकालात काढला, की पुढचा अर्ज घेऊन आलेला इसम तोच, याची त्याला ओळख राहत नाही. ती ओळख पटवणारी कुकी नेटस्केपमधील लू माँटुली यांनी 1994 साली योजली. फॉर्म रुजू झाल्यावर उत्तरादाखल थेट पानच दाखवले, तर रिफ्रेश करताच तेच पोते दुबार चढण्याचा संभव. म्हणून सर्व्हर 303 हा संकेत देऊन ब्राउझरला यादीच्या पानाकडे रवाना करतो. या दोन मुक्कामांच्या दरम्यान ‘नोंद झाली’ हा निरोप कोठेतरी ठेवावा लागतो, आणि एकदा दाखवला की पुसावाही लागतो. मी वापरलेल्या जँगो या वेब-फ्रेमवर्कमध्ये ही सोय 2010 पासून आयती आहे: निरोप कुकीत मावला तर कुकीत, न मावल्यास सर्व्हरजवळच्या सेशनमध्ये.

शहरात एवढ्यावर भागते. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला मात्र रेंज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. काट्यापाशी बसलेला तरुण बटण दाबून पडद्याकडे पाहत राही आणि मला विचारी, “सर, गेली का हो एन्ट्री?” मी दप्तर उघडून पाही, तो नोंद केव्हाच झालेली असे. निरोप सेशनमध्ये असला, तर यादीचे पान वाटेत हरवताच तोही जाई, कारण सर्व्हरने तो दाखवला असे समजून आधीच पुसलेला असे. कुकीत असला, तर पुसण्याचा हुकूमही त्या हरवलेल्या पानाबरोबरच हरवे आणि निरोप बचावे. परंतु पहिले 303 चे उत्तरच गहाळ झाले, तर न्याय नेमका उलटे: कुकी पोचतच नाही, सेशन मात्र निरोप सांभाळून असते. कोणतेही एक दप्तर दोन्ही संकटांना पुरे पडत नाही, हे उमगल्यावर कुकी की सेशन हा वाद मी सोडून दिला.

शेवटी प्रत्येक कोऱ्या फॉर्मला आरंभीच एक अनन्य क्रमांक दिला. तोच क्रमांक पुन्हा आला, तर दुसरी नोंद न करता जुनीच पावती दाखवावी, असा दंडक घातला. निरोपाची हिरवी पट्टी अजून उमटते, आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना ती फार शोभिवंत वाटते. काट्यावरची मंडळी तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. ती यादीच्या वरच्या ओळीत विकणाऱ्याचे नाव आणि किलो वाचतात, आणि मगच पुढचे पोते चढवतात.