मागून येणाऱ्यासाठी

सौंसरला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी २०१२ सालची एक लाल होंडा आहे, सीबीआर २५० आर. थोरल्या भाच्यानं पहिल्या नोकरीच्या पैशातून घेतलेली. पुढे त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, दारात चारचाकी आली आणि गाडी धाकट्याकडे गेली. ही गाडी २०११ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा पोरांना तिचं वेड लागलं होतं. पाण्यानं थंड होणारं एक सिलिंडरचं इंजिन, १३ लिटरची टाकी, वारा अडवायला पुढे काच. दिसायला शर्यतीच्या गाडीसारखी, पण बसणं सरळ, पाठ अवघडत नाही. म्हणजे लांबच्या प्रवासाचीच गाडी. आमच्या घरात तिनं तेच काम केलं. मुक्तागिरी झालं, रामटेक झालं, कारंजा झालं. मीसुद्धा तिच्यावर मागे बसून पांढुर्ण्याहून सौंसरला आले आहे.

दिवाळीनंतर बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा धाकटा म्हणाला, "मावशी, गाडी ट्रॅकवर नेतो. जानेवारीत."

ट्रॅकवर नेणं म्हणजे शर्यत नाही, हे त्यानं आम्हाला पुन्हा पुन्हा समजावलं. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. बंद रस्त्यावर एक दिवस पैसे भरून गाडी चालवायची. समोरून कोणी येत नाही, गाय-कुत्रं नाही, चौक नाही. वेगाप्रमाणे गट पाडतात, पंधरा-वीस मिनिटं फिरून परत यायचं, शिकवणारा चुका सांगतो, थोड्या वेळानं पुन्हा जायचं.

अशी जागा आपल्या जवळपास नाही. मध्य प्रदेशात पिथमपूरला २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरचा मोठा ट्रॅक झाला, पण तो गाड्यांच्या चाचण्यांसाठी. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे, ५.१२५ किलोमीटरचं. कोइम्बतूरला एक लहान ट्रॅक आहे. आणि चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टईला १९९० पासूनचा मद्रास मोटर रेस ट्रॅक, ३.७१७ किलोमीटरचा. त्याआधी तिकडच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत. ह्याच सीबीआर २५० आर गाड्यांच्या शर्यतीही चेन्नईच्या ट्रॅकवर झाल्या आहेत, म्हणून भाच्याचा जीव तिथे अडकलेला. नागपूरहून गाडी रेल्वेच्या पार्सलनं पाठवायची, टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढून.

"गोल गोल फिरून पुन्हा तिथंच यायचं, आणि त्याच्यासाठी मद्रासला जायचं?" बहिणीचे यजमान म्हणाले. मंदिरात आमच्या स्वाध्यायाला येणाऱ्या एका वयस्क काकूंनी तर एका शब्दात निकाल लावला, "अनर्थदंड." विनाकारण केलेली हिंसा, जिच्यातून ना घराचं काम होतं ना धर्माचं. मला त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही आणि आजही येत नाही.

धोक्याचं म्हणाल तर आम्हा पांढुर्ण्याच्या लोकांना धोक्याचा खेळ नवा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, पांढुर्ण्याचे आणि सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात, दरवर्षी डोकी फुटतात. तो दिवस मी लहानपणापासून दार लावून घरात काढला आहे. त्यामुळे भाच्याच्या ह्या खेळाकडे मी आधी संशयानंच पाहिलं. पण पंधरा दिवस त्यांच्या अंगणात, टिनाच्या शेडखाली, संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांवर मांडलेलं त्याचं काम पाहिलं, आणि माझ्या मनात वेगळेच विचार सुरू झाले.

आधी काढायचं काम. आरसे गेले, इंडिकेटर गेले, नंबरप्लेट गेली. मागे बसणाऱ्यानं धरायचं हँडल गेलं, त्याचे पाय ठेवायचे दांडे गेले. मग तो साडीगार्डचे बोल्ट खोलू लागला तेव्हा बहीण पलंगावरून ओरडली, "अरे, ते कायले काढून राह्यला?"

"आई, तिथं साडी नेसून कोण बसणार आहे?"

आपल्या देशात मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकलेला असावा, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत, असं १९८९ च्या मोटार वाहन नियमांत, १२३ व्या नियमात लिहिलेलं आहे. हँडल आणि पायाचे दांडेही त्याच नियमातले. आपल्यासारख्या मागे बसणाऱ्या बायकांची आठवण ठेवून केलेला नियम. ते सगळं उतरताना पाहून मला वाटलं, ही गाडी आता फक्त स्वतःपुरती उरली.

मी विचारलं, "आरसे नाहीत तर मागून कोण येतंय ते तुला कळणार कसं?"

"मावशी, तिथं मागे पाहायचंच नाही. पुढे जाणाऱ्यानं सांभाळून जायचं, ती त्याची जबाबदारी. मी आरशात पाहत बसलो तर माझी रेघ चुकते आणि मग तोही पडतो."

"मग तुझी जबाबदारी काय?"

"माझ्या गाडीतून रस्त्यावर काही सांडलं नाही पाहिजे."

त्यानंतरचं जवळजवळ सगळं काम ह्या एका वाक्यासाठी होतं. रेडिएटरमधलं हिरवं कूलंट त्यानं काढलं, दोनदा धुतलं आणि नुसतं डिस्टिल्ड पाणी भरलं. कूलंटमध्ये ग्लायकोल असतं. ते रस्त्यावर सांडलं तर तेलासारखं निसरडं राहतं, लवकर वाळत नाही. पाणी वाळून जातं. पुढच्या दिव्यावर चिकटपट्ट्यांची फुली मारली, गाडी पडलीच तर तुकडे रस्त्यावर पसरू नयेत म्हणून. मागच्या ब्रेकच्या दिव्याची तार सोडली, कारण तो लागला की मागचा दचकून नको तिथं ब्रेक दाबतो.

मग तेलाचे बोल्ट. गावातल्या मिस्त्रींकडून त्यानं इंजिनऑइल काढायच्या बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडून घेतलं. त्या पोलादात मिस्त्रींची तीन ड्रिलं तुटली. त्या भोकातून स्टीलची तार ओवून, पीळ घालून, दुसऱ्या टोकाला इंजिनाशी बांधली. तार अशा बाजूनं बांधतात, की बोल्ट सैल व्हायला लागला तर ती त्याला आवळण्याच्या दिशेनंच ओढते. मी वेणी घालताना जशी पेड ताणून पाहते तशी तो ती तार ताणून पाहत होता.

मिस्त्री म्हणाले, "काकू, बारा वर्षांत हा बोल्ट कधी सैल झाला नाही. पण पोरगा म्हणते ते बरोबर आहे. झाला तर मागचा मरते."

आमच्याकडे मुनींच्या पाच समिती आपण पाठशाळेत पाठ करतो. ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि उत्सर्ग. चालताना चार हात जमीन पाहावी, वस्तू उचलताना-ठेवताना पिंछीनं जागा झाडावी, हे सगळ्यांना आठवतं. पाचवी, उत्सर्ग, आपण पटकन म्हणून मोकळे होतो, कारण ती मलमूत्र टाकण्याविषयी आहे. आपल्या देहातून जे बाहेर पडतं ते कुठे पडतं, तिथे कोण जीव आहे, ह्याची जबाबदारी टाकणाऱ्याची. एवढी वर्षं ही समिती मी म्हणत आले. तिचा अर्थ इतका उघडा मी त्या तेलकट अंगणात पाहिला. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला, पण त्या दिवसापासून तारेला तो 'पाचवी समिती' म्हणू लागला.

जुन्या गाडीचं म्हणून जे काम होतं त्यात आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचं पुष्कळ आहे. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. नेहमी वापरतात ते डॉट ४ जातीचं तेल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि ब्रेक दाबला तरी लागत नाही. म्हणून ते नवं. ब्रेकची रबरी नळी जुनी होऊन फुगत होती, तीही नवी. पुढच्या शॉकॅबच्या सीलमधून तेल पाझरत होतं, ते बदललं. चाकांचे बेअरिंग, साखळी सगळं पाहिलं.

टायरची नक्षी चांगली खोल होती. मला वाटलं, हे तरी चालतील. त्यानं टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले, ३२१६. म्हणजे २०१६ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेलं. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं, रस्ता धरत नाही. दोन्ही टायर बदलले. इंजिनाचा जोर वाढवायला मात्र त्यानं एक रुपया घातला नाही. सगळा पैसा थांबण्यावर आणि न सांडण्यावर गेला.

एवढं होईपर्यंत घरात शांतता होती. मग चामड्याचा प्रश्न आला.

पडल्यावर कातडी सोलू नये म्हणून अंगभर चामड्याचा सूट घालतात. बहुतेक गाईच्या कातड्याचा, महागातला कांगारूच्या. हातमोज्यांचा तळवा बकऱ्याच्या कातड्याचा. आमच्या घरात चामड्याचा पट्टासुद्धा येत नाही. दशलक्षणात बहीण रेशमी साडी नेसत नाही. भाचा म्हणाला, "विकत नाही घेत. मित्राचा एका दिवसासाठी आणतो. माझ्यासाठी कुठं जनावर मारलं?"

बहीण पलंगावरूनच म्हणाली, "कृत, कारित, अनुमोदना. पाठशाळेत काय घोकलं होतंस?"

त्यालाही राग आला. "आई, टायरच्या रबरात स्टिअरिक आम्ल असते. ते पुष्कळदा चरबीपासून काढतात. मग स्कूटीवर मंदिरात कशी जातेस?"

दोघांचंही खरं होतं. दोन दिवस मायलेक बोलले नाहीत. भाजी वाढायला मीच. तिसऱ्या दिवशी दोघांना समोर बसवून मी म्हटलं, आपण श्रावक आहोत, आपली अणुव्रतं आहेत. संसारात, धंद्यात जी हिंसा घडते ती आपण कमी करतो, पूर्ण सोडू शकत नाही. पण जाणूनबुजून, दुसरा रस्ता असताना केलेली आपल्याला सोडता येते. टायरला आज दुसरा रस्ता दिसत नाही, सूटला असेल तर शोध. मात्र चामडं नको म्हणून उघड्या अंगानं जायचं, तेही नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादापासून सुरू होते, आणि आपल्या देहाविषयीचा निष्काळजीपणा हाही प्रमादच. दोन्ही जमत असेल तर जा, नाहीतर गाडी सौंसरलाच राहू दे.

त्यानं तीन आयोजकांना फोन केले. दोघांनी चामडंच हवं म्हणून सांगितलं. तिसऱ्यानं जाड विणीच्या नायलॉनचा सूट चालेल म्हटलं, पण वरचा-खालचा भाग कमरेभोवती पूर्ण चेननं जोडलेला हवा आणि खांदे, कोपर, गुडघे, छाती, पाठ सगळीकडे संरक्षक पट्ट्या हव्यात. कृत्रिम तळव्याचे चांगले हातमोजे मिळायला महिना गेला. लांब घसरलं तर असं कापड चामड्यापेक्षा लवकर फाटतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं सगळ्यात हळू गटात नाव घातलं. मित्रांनी चिडवलं असेल. आम्हाला काही बोलला नाही.

जानेवारीत तो गेला. संध्याकाळी फोन आला. तिसऱ्या फेरीत पिवळा-तांबडा पट्ट्यांचा झेंडा दिसला. रस्ता निसरडा आहे, अशी त्या झेंड्याची खूण. पुढच्या कोणाच्या तरी गाडीतून तेल गळलं होतं. दोघं घसरले, फारसं लागलं नाही. मग सगळ्यांना परत बोलावून माणसं झाडू घेऊन धावली आणि भुकटी टाकून रस्ता झाडत बसली. "अर्धा तास झाडत होते, मावशी," तो म्हणाला. वेगाविषयी तो फार बोललाच नाही.

गाडी परत आली ती अंगणातच थांबली. आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट लागल्याशिवाय तिला रस्त्यावर काढायची नाही, हे ठरलेलंच होतं. साडीगार्ड बहिणीनं समोर खुर्ची टाकून बसवून घेतलं.

काकूंच्या 'अनर्थदंड' ह्या शब्दाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पेट्रोल जळलं, काचेवर किडे मेले, निष्पन्न काही नाही. पण आपण रोज ज्या रस्त्यानं कामाला, लग्नाला, दवाखान्यात जातो तिथे ही जतना कुठे दिसते? दिसायला बरं नाही म्हणून पोरं साडीगार्ड काढून टाकतात आणि मागे आईला एका बाजूला बसवून नेतात. पदर चाकाशी लोंबत असतो. संत्र्याच्या हंगामात तर पांढुर्णा-सौंसरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रकची रीघ लागते, कोणाचं तेल गळतं, कोणाची रेती. आपण बाजूनं गाडी काढतो आणि पुढे जातो.

म्हणून मैत्रिणींनो, घरच्या गाडीच्या टायरवरचे चार आकडे आज वाचून पाहा. ब्रेकचं तेल कधी बदललं ते विचारा. साडीगार्ड नसेल तर लावून घ्या आणि तोवर मागे बसू नका. आपल्या गाडीतून काही सांडलं असेल तर थांबा, आणि दोन ओंजळी माती टाकून मग निघा.