उतरत्या आचेवरचा फराळ

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या भट्टीसमोर रांग लागायची. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप, सगळं सामान घरचं. ते नेऊन द्यायचं आणि मजुरी देऊन नानकटाई, खारी बिस्किटं भाजून आणायची. कोणता पत्रा कुणाचा ते कळावं म्हणून त्यावर नावाची चिठ्ठी असायची. आईबरोबर सकाळी गेलेली मी संध्याकाळपर्यंत तिथंच. एकदा कंटाळून विचारलं, "काका, आमचं कधी टाकणार?" ते म्हणाले, "भट्टी चढली असली की पाव. उतराले लागली की बिस्किटं. पार उतरली की टोस्ट. तुही नानकटाई आत्ता टाकली तर वरून जळन अन् आतून कच्ची राहीन."

पुढे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आमच्या एलआयटीत, अन्नतंत्रज्ञान शिकले. उष्णतेचं वहन, पाण्याचं बाष्पीभवन, पिठातल्या स्टार्चचं फुलणं हे सगळं तिथं समीकरणांतून भेटलं. पण आज पंचवीस वर्षं घरगुती बेकिंगचे वर्ग घेताना पहिल्या दिवशी मी सांगते ते त्या भट्टीवाल्या काकांचंच वाक्य. भाजणं म्हणजे उतरत्या आचेचं शास्त्र.

वर्गात येणाऱ्या दहातल्या आठजणींचा प्रश्न एकच असतो: "मॅडम, चकली बेक करता येते का?" मीही ते करून पाहिलं होतं. आईच्या हातची भाजणी, तेच मोहन, तोच सोऱ्या. ओव्हनमधून निघाल्या त्या दाताला न तुटणाऱ्या कड्या. दोष ओव्हनचा नव्हता, भाजणीचाही नव्हता. सुमारे १७५ अंशांच्या तेलात चकली पडते तेव्हा तिच्यातलं पाणी क्षणात वाफ होऊन बाहेर धावतं. त्या वाटांनी पिठात बारीक छिद्रं पडतात आणि मग तेल त्यांत शिरतं. चकलीचा खुसखुशीतपणा या छिद्रांत असतो. ओव्हनमधली हवा मात्र तेलाच्या मानाने फार सावकाश उष्णता पोचवते. पाणी हळूहळू निघतं, पीठ आक्रसतं, कडक होतं. म्हणून मी सांगते, चकली तळूनच खा, दोन कमी खा. तळायचं पीठ ओव्हनमध्ये ढकलू नका. भाजायचा पदार्थ भाजण्यासाठीच जन्माला यावा लागतो.

आणि असे पदार्थ आपल्या विदर्भात काही कमी नाहीत. शेतात, देवळाच्या आवारात रोडग्यांचा स्वयंपाक निघतो तेव्हा जाड दळलेल्या कणकेच्या पाऱ्या एकीत एक गुंडाळून गोळे करतात आणि ते गोवऱ्यांच्या जाळात टाकत नाहीत. जाळ ओसरला की निखाऱ्यांत आणि गरम राखेत पुरतात. पळसाच्या पानांत ठेवून भाजलेला पानगा, उपड्या मडक्यावरची लांब रोटी, ही सगळी कोरड्या आचेची करणी. वर्ध्याच्या गोरस भांडाराचा गाईच्या तुपातला गोरसपाक तर पाहुण्यांनी मागून न्यावा असा. बेकिंग म्हणजे काही परकी विद्या आहे असं म्हणणाऱ्याला मी आधी वांग्याची भाजी आणि रोडगा वाढते.

'भाजलेलं म्हणजे पौष्टिक' ही समजूतही तपासून घ्यावी. नानकटाईत पिठाच्या निम्म्याहून अधिक तूप असतं. पूर्वी त्या जागी वनस्पती तूप सर्रास असे. तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेत तयार होणारी ट्रान्स मेदाम्लं हृदयाला घातक, म्हणून २०२२ पासून आपल्याकडे त्यांच्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आली. घरी करताना आपल्याला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. डब्यात काय जाणार हे आपला हात ठरवतो, आणि घरच्या बेकिंगची खरी थोरवी मला यातच दिसते.

माझा हात ज्वारी आणि जवसाकडे वळतो. दोन्ही आपल्या मातीतली. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे तिचं पीठ ताणलं जात नाही, तुटतं. त्यावरचा उपाय भाकरी करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे: उकळतं पाणी. त्यानं ज्वारीतला स्टार्च फुलतो आणि चिकटपणा येतो. उरलेलं काम जवस करतं. जवसाची पूड पाण्यात भिजली की बुळबुळीत होते आणि पीठ बांधून धरते. त्यात ओमेगा-३ वर्गातली मेदाम्लं आहेत, पण ती हवेशी संयोग पावून लवकर खवट होतात. म्हणून जवस आणून भाजावं, लागेल तेवढंच कुटावं.

माझ्या खाऱ्या चौकोनांचं माप असं: १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ, ५० ग्रॅम कणीक, ३० ग्रॅम भाजलेल्या जवसाची पूड, ३० मिलिलिटर तेल, ४ ग्रॅम मीठ, चमचाभर तीळ, अर्धा चमचा ओवा आणि भिवापुरी तिखट सोसेल तेवढं. कोरड्या पिठाला आधी तेल चोळायचं. तेलाचा पापुद्रा पिठाच्या कणांवर बसला की कणकेतलं ग्लुटेन फार ताणलं जात नाही, हेच मोहनाचं काम. मग उकळतं पाणी थोडं थोडं घालत घट्ट गोळा करायचा, वीस मिनिटं झाकायचा. दोन प्लास्टिकच्या कागदांत सर्वत्र सारखा, दोन मिलिमीटर जाडीचा लाटायचा. काट्यानं टोचायचा, नाहीतर वाफ कोंडून फुगे येतात. चौकोन कापून, कागदावरून सोडवून, तेलाचा हात लावलेल्या ट्रेमध्ये ठेवायचे. तापलेल्या ओव्हनमध्ये १६० अंशांवर वीस मिनिटं. कडा सोनेरी झाल्या की आच १२० वर आणून आणखी दहा मिनिटं.

ही शेवटची दहा मिनिटं बहुतेकजणी विसरतात आणि "दुसऱ्या दिवशी मऊ पडली" म्हणून फोन करतात. रंग येणं आणि पाणी निघून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंग चढ्या आचेवर झटकन येतो, पोटातलं पाणी मात्र मंद आचेवर सावकाश निघतं. काकांची पार उतरलेली भट्टी टोस्टाला लागायची ती म्हणूनच. आणि रंग सोनेरीवरच थांबवा. पिठाचे पदार्थ करपवले की अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको ते द्रव्य वाढतं, चवही कडवट होते.

ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर द्या, वर तिवई, तिच्यावर ताटली आणि घट्ट झाकण. दहा मिनिटं तापवलेली ही कढई म्हणजे घरातली भट्टीच. वेळ थोडा जास्त लागतो आणि ताटली मधूनमधून फिरवावी लागते, एवढंच.

गोडासाठी मी गुळाची बिस्किटं करते आणि त्यांत संत्र्याची साल किसून घालते. आंबिया बहराची संत्री याच सुमारास बाजारात येऊ लागतात. सालीचा वरचा केशरी भागच घ्यायचा, सुगंधी तेलाच्या पेशी तिथं असतात. खालचा पांढरा गर कडू. गूळ साखरेपेक्षा लवकर रंग धरतो आणि हवेतला ओलावा ओढतो, म्हणून आच १५० च्या वर नेऊ नये आणि पूर्ण गार झाल्याशिवाय बिस्किटं डब्यात भरू नयेत. गूळही शेवटी साखरच आहे. तो मापात घालावा, आणि बिस्किटं मापात खावीत.

सगळे घाणे निघाले की ओव्हन बंद करते, पण रिकामा ठेवत नाही. उरलेल्या संत्र्यांच्या साली ट्रेमध्ये पसरून आत सरकवते आणि दार किंचित उघडं ठेवते. रात्रभरात त्या उरल्यासुरल्या उबेनं साली सुकू लागतात, उरलेलं काम दोन दिवसांचं ऊन करतं. मग त्या कुटून, वस्त्रगाळ करून उटण्यात घालते. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाला बसलं की अंगाला तोच वास येतो, जो आठवडाभर डब्यांतून येत असतो. आच उतरत उतरत शेवटच्या अंशापर्यंत कामी आलेली असते.