सार्थ आणि गुटका

आमच्या घरात ज्ञानेश्वरी दोन आहेत. एक मामासाहेब दांडेकरांची सार्थ प्रत, चौरंगावर ठेवूनच वाचावी अशी. दुसरी तळहातात मावणारी गुटका आवृत्ती, आईच्या पिशवीत असायची. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती कशाला, असं आईला कधी कोणी विचारलं नाही. मी दुसरा टॅबलेट घेतला तेव्हा मात्र घरीदारी एकच प्रश्न: आहे ना एक, मग आणखी कशाला? प्रश्न रास्त आहे. वस्तू महाग आहे, आणि वापराविना पडून राहिलेलं यंत्र घरात नुसतं डोळ्यांत खुपत राहतं. उत्तर द्यायचं तर ते मनापासून द्यायला हवं.

सार्थ प्रतीत ओवी आहे, ओवीचा अर्थ आहे, टिपा आहेत. गुटक्यात नुसती ओवी. सकाळी चौरंगाशी बसल्यावर आई एखाद्या ओवीवर थांबायची, अर्थ बघायची, दोन पानं मागे जाऊन पुन्हा पुढे यायची. कधीकधी तासाभरात पान उलटायचं नाही. गुटका उघडला की मात्र ती अडत नसे. स्वारगेटच्या बसस्टॉपवर, दवाखान्याच्या बाकावर ओव्या एकामागून एक ओठांवरून सरकत जायच्या. ग्रंथ तोच, वाचणारी तीच; पण एकीकडे ती ग्रंथाचा अभ्यास करत होती आणि दुसरीकडे त्याच्या सहवासात होती. यातलं कुठलं वाचन खरं, हे मला ठरवता आलेलं नाही आणि ठरवायचंही नाही.

हे आपल्यापुरतंच नाही. व्हेनिसच्या आल्डस मनुटियसनं १५०१ मध्ये व्हर्जिलचं काव्य हातात धरता येईल अशा छोट्या आकारात छापलं. तोवर असे अभिजात ग्रंथ मोठाल्या पानांवर, भोवती भाष्याचा वेढा घेऊन यायचे. वाचायला मेज लागायचं. आल्डसनं भाष्य काढून टाकलं आणि कविता तेवढी ठेवली. पान लहान झालं की आधी भाष्य गळतं, आणि वाचक मूळ शब्दांसमोर एकटा येतो. मोठं पान शब्दाला त्याच्या सगळ्या गोतावळ्यासकट समोर आणतं.

माझं काम जुन्या मराठी पुस्तकांच्या संपादनाचं. त्यामुळे हा गोतावळा माझ्या रोजच्या व्यवहारातला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. काम सुरू झालं १९१९ मध्ये, पूर्ण झालं १९६६ मध्ये. तिचं एखादं पान जरूर बघावं. वरच्या भागात ठळक टायपात श्लोक. त्याखाली, पुष्कळदा पानाचा अर्ध्याहून मोठा भाग व्यापून, बारीक टायपात पाठभेद: शारदा लिपीतल्या प्रतीत इथे कोणता शब्द आहे, तेलुगू आणि ग्रंथ लिपीतल्या प्रतींत कोणता, कोणत्या प्रतीत ही ओळच नाही. विद्वानांच्या पिढ्या त्या बारीक अक्षरांत राबल्या आहेत. छोट्या पडद्यावर हे पान उघडलं तर पाठभेद वाचता येत नाहीत. ते वाचण्यासाठी पान मोठं केलं की श्लोक पडद्याबाहेर जातो. वर श्लोक आणि खाली त्याची साक्ष, असं एका नजरेत दिसावं म्हणून ज्यांनी ते पान रचलं, त्यांचे कष्टच मग हाती लागत नाहीत. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चंही तसंच. एका शब्दाच्या अर्थांची रांग डोळ्यांसमोर सलग उभी राहिली तरच कोशाचा उपयोग.

त्याहून नाजूक प्रकरण अनुस्वारांचं. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधीची पुस्तकं अनुच्चारित अनुस्वारांनी भरलेली आहेत. नाहीं, कोठें, त्यानें. शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत समोर असते, कागद पिवळा पडलेला, त्यावर धुळीचे आणि शाईचे ठिपके. अक्षराच्या डोक्यावर आहे तो अनुस्वार की डाग? मोठ्या पडद्यावर शेजारच्या ओळीतला पक्का अनुस्वार नजरेत ठेवून ताडता येतं. छोट्यावर दोन्ही ठिपके सारखेच. लेखकानं लिहिलं तेच पुढच्या वाचकाला मिळावं ही ज्याची जबाबदारी, त्यानं ठिपक्यावर अंदाज बांधू नये.

दुकानात या फरकाचा अंदाज येत नाही, कारण तिथे माप कर्णाचं सांगतात. ८.३ इंच आणि १३ इंच म्हटलं की दीडपटीचा हिशेब डोक्यात येतो. प्रत्यक्षात आयपॅडच्या या दोन मापांत पडद्याचं क्षेत्रफळ अडीचपटीहून जास्त वाढतं. आपल्या नेहमीच्या डेमी आकाराच्या पुस्तकाचं पान कर्णात साधारण दहा इंचांचं. समास वगळले तर कादंबरीचा मजकूर छोट्या पडद्यावर जेमतेम बसतो. कोशाचं पान बसत नाही. स्टीव्ह जॉब्स यांना सात इंचांचे टॅबलेट मुळीच पटत नव्हते, २०१० मध्ये त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं होतं. पहिला आयपॅड ९.७ इंचांचा होता. त्यांच्या पश्चात, २०१२ च्या नोव्हेंबरात ७.९ इंचांचा मिनी बाजारात आला आणि लोकांनी तो आपलासा केला. मला त्यात नवल वाटत नाही. माणसाला गुटका लागतोच.

माझा छोटा टॅबलेट तीनशे ग्रॅमच्या आत भरतो, मोठा त्याच्या जवळजवळ दुप्पट. सकाळच्या डेक्कन क्वीनमध्ये एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात वाचन, हे फक्त छोट्याला जमतं. खंडाळ्याच्या बोगद्यांत बाहेर अंधार होतो, पडद्यावरची ओळ तेवढी उजळ राहते, आणि कादंबरीतला माणूस आपल्या अगदी जवळ येऊन बोलतो. मोठ्या पडद्याशी अशी सलगी होत नाही. तो हातात घेतला की पाठ आपोआप ताठ होते, पेन्सिल शोधावीशी वाटते.

छोट्याची एक अडचण मराठी वाचकाला जास्त जाणवते. चाळिशी लागली की अक्षर मोठं करावं लागतं. ई-पुस्तकाचा मजकूर पडद्याच्या मापानं वळतो खरा, पण मराठी शब्द प्रत्ययांनी लांबतात. ‘महाराष्ट्राबाहेरच्यांनासुद्धा’ एकटाच ओळ खातो. दोन्ही कडा सरळ ठेवल्या तर शब्दांमध्ये भगदाडं पडतात. उजवी कड मोकळी सोडली की वाचन पुन्हा सुरळीत होतं. एवढी छोटी सोय, पण पुष्कळांना ती ठाऊक नसते आणि ते उगाच पडद्याला नावं ठेवतात.

तर माझ्यापुरतं दोनाचं गणित जमतं, कारण माझं वाचन दोन जातींचं आहे. ते सगळ्यांना लागू नाही, आणि लागू आहे असं भासवून कोणाला खर्चात पाडणं मला बरं वाटणार नाही. सहा-साडेसहा इंचांच्या फोननं छोट्या टॅबलेटची बरीच जागा केव्हाच घेतली आहे. बहुतेकांच्या खिशात त्यांचा गुटका आधीपासून आहे.

माझा भाचा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. नवी पेठेतल्या अभ्यासिकेत फळ्या ठोकून केलेल्या खणात बसतो. टेबल एवढंच की वही उघडली तर पुस्तक मांडीवर. परवा विचारत होता, “मावशी, तुझ्यासारखे दोन घेऊ का? हप्त्यावर मिळतायत.” मी आधी त्याचं वाचायचं काय काय आहे ते मांडायला लावलं. जुन्या प्रश्नपत्रिका, नकाशे, शिकवणीच्या स्कॅन केलेल्या नोट्स, शासनाचे अहवाल. सगळी न वळणारी पानं. शेजारी चालू घडामोडींची टिपणं, ती तो फोनवर वाचतोच. म्हटलं, एकच घे, आणि मोठा घे. आदल्या वर्षीचा, वापरलेला मिळाला तरी चालेल, फक्त बॅटरी तपासून घे आणि पडद्यावर लिहायचं पेन चालतं का ते बघ. हप्ते नकोत. उरलेल्या पैशांत मेसचे पुढचे महिने आगाऊ भरून टाक, परीक्षेच्या तोंडावर जेवणाची काळजी नको.