एकचक्रेचा राजा

वर्धेहून नागपूरकडे जातांना केळझर लागतें. महाभारतांतली एकचक्रा नगरी ती हीच, अशी आमच्याकडे जुनी समजूत आहे. तिच्या खरेखोटेपणाशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. पण आदिपर्वांतली ही कथा आम्ही सर्वजण बालपणीं ऐकतों ती भीमाच्या जेवणासाठीं, आणि तिच्यांतला राजा मात्र साफ विसरतों.

त्या नगरीला राजा होता. तो वेत्रकीयगृह नांवाच्या स्थानीं राहत असे व प्रजेचें रक्षण त्याच्यानें होत नसे. परचक्रापासून मुलुख राखी तो बक, आणि त्याबद्दल गाडाभर भात, दोन रेडे व एक माणूस एवढा कर घेई. कोणी म्हणेल, पाळी तरी घरोघर सारखी होती! तीहि नव्हती. यजमान ब्राह्मण विलाप करतांना सांगतो कीं, माणूस विकत घेण्याइतकें द्रव्य आपल्यापाशीं नाहीं. म्हणजे ज्यापाशीं तें होतें, त्याची पाळी दुसऱ्याच्या पोरावर जात असली पाहिजे. राक्षसाचें क्रौर्य कोणासहि दिसतें. ही खरेदी मात्र नगरजनांची होती.

बक मेल्यावर लोकांनीं उत्सव केला. राजाचें पुढें काय झालें, आणि माणसें विकत घेणारे त्या उत्सवांत कोठें बसले होते, याविषयीं व्यास कांहींच बोलत नाहींत.