आय-८० उघडा आहे का?

फ्रीमाँट, बुधवार, २८ फेब्रुवारी २०२४

ती. आई-बाबांस सा. न.

दादाच्या घरी सध्या जेवताना एकच विषय चालतो: शुक्रवारी संध्याकाळी स्कीइंगसाठी टाहो तळ्याकडे निघायचं की नाही. दादा-वहिनी, मुलं आणि दादाच्या ऑफिसातली आणखी दोन मराठी कुटुंबं, असा बेत जानेवारीतच ठरला होता. ट्रकी गावाजवळ एक लाकडी घर भाड्यानं घेतलंय. पैसे भरून झालेत, आणि ते परत मिळण्याची मुदत टळून गेलीय. स्कीइंगचे हंगामी पास तर त्याच्याही आधी, दसऱ्याच्या सुमारास घेतलेले. ऐनवेळी खिडकीवर गेलं तर एका दिवसाचं तिकीट दोनशे डॉलरच्या पुढे जातं, म्हणून इथली माणसं उन्हाळा सरता सरताच पास घेऊन ठेवतात आणि मग थंडीभर ते वसूल कसे होतील याच्या विवंचनेत असतात.

आता वादळ येतंय. त्या भागावर नजर ठेवणाऱ्या रीनो शहरातल्या सरकारी हवामान कार्यालयानं गुरुवार सकाळपासून रविवार सकाळपर्यंत ब्लिझर्डचा इशारा दिलाय. नुसता खूप बर्फ पडला म्हणून इथे ब्लिझर्ड म्हणत नाहीत. ताशी ३५ मैलांचा वारा आणि पाव मैलापलीकडचं दिसेनासं होणं, हे दोन्ही सलग तीन तास टिकलं पाहिजे. या खेपेला डोंगरमाथ्यावर शंभर मैलांच्या वर वारा आणि पाच हजार फुटांच्या वर पाच ते दहा फूट बर्फ, असा अंदाज आहे. बाबा, फूट बरं का, इंच नव्हे!

एवढं वाचल्यावर कुणीही बॅगा परत कपाटात ठेवेल असं तुम्हाला वाटेल. इथे उलट उत्साह वाढला. कारण यंदाच्या हिवाळ्याची सुरुवात कोरडी होती. कॅलिफोर्नियाचं जलखातं डोंगरातला बर्फ नियमित मोजतं. २ जानेवारीला तो त्या दिवसाच्या सरासरीच्या २५ टक्केच भरला होता. डिसेंबरभर माणसं गवत डोकावणाऱ्या उतारांवरून घसरली, आणि आता एकदम दहा फुटांची बातमी! ग्रुपवर मेसेजांचा पाऊस पडतोय. ‘आपली फोर व्हील ड्राइव्ह आहे’ हे वाक्य त्यात पुन्हा पुन्हा येतं.

ते खरंच आहे, पण अर्धंच. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी बर्फातून निघते आणि चढ चढते. ब्रेक दाबल्यावर मात्र ती कुठे थांबणार ते रबर आणि बर्फ ठरवतात, आणि चार चाकांना ब्रेक तर दादाच्या जुन्या मारुतीलाही होते. वहिनीचा प्रश्न आणखी सरळ होता. “पोचलो असं धरू. एवढ्या वाऱ्यात लिफ्ट चालतील का?”

दादानं भाजी वाढून घेतली.

---

फ्रीमाँट, गुरुवार, २९ फेब्रुवारी

ती. आई-बाबांस सा. न.

बाबांनी फोनवर विचारलं की हा रस्ता म्हणजे असा काय घाट आहे. नकाशावर बघा. फ्रीमाँटहून ट्रकी दोनशे मैलांच्या आसपास. चांगल्या दिवशी साडेतीन-चार तास. सॅक्रामेंटोपर्यंत मोठा चढ नाही, ते शहर समुद्रसपाटीच्या जेमतेम वर. तिथून आय-८० हा महामार्ग चढू लागतो तो नव्वदेक मैलांत डॉनर समिटला ७,२३९ फुटांवर जातो. प्रशांत महासागरावरून आलेले ढगही त्याच उतारानं वर चढतात, थंड होतात आणि ओझं इथे टाकतात. त्यामुळे अमेरिकेतल्या वर्दळीच्या महामार्गांपैकी एक आणि देशातल्या सर्वांत जास्त बर्फाच्या जागांपैकी एक, या दोन्ही गोष्टी एकाच खिंडीत आहेत.

खिंडीजवळ सोडा स्प्रिंग्जला बर्कली विद्यापीठाची प्रयोगशाळा आहे. ती १९४६ पासून बर्फ मोजते. तिथला विक्रम १९५१-५२ च्या हिवाळ्याचा, ८१२ इंच. गेल्याच वर्षी ७५४ इंच पडला, तो दुसऱ्या क्रमांकाचा. त्या विक्रमी हिवाळ्यात, जानेवारी १९५२ मध्ये, ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ नावाची झोकदार आगगाडी युबा गॅपजवळ बर्फात रुतली. आत २२६ माणसं होती. तीन दिवसांनी त्यांना बाहेर काढलं ते शेजारचा मोटाररस्ता मोकळा झाल्यावर. त्याआधीची गोष्ट तर या खिंडीच्या नावातच आहे. १८४६ साली डॉनर, रीड आणि इतर कुटुंबांचा ८७ जणांचा बैलगाड्यांचा तांडा पूर्वेकडून आला. नव्या जवळच्या वाटेच्या नादात त्यांचे आठवडे वाया गेले, आणि खिंडीखालच्या तळ्याशी पोचेपर्यंत बर्फ सुरू झाला होता. जवळजवळ निम्मी माणसं मेली. त्यांच्या स्मारकाचा चौथरा २२ फूट उंच आहे. त्या हिवाळ्यातला बर्फ तेवढा होता असं सांगतात.

‘जवळची वाट’ हे प्रकरण अजून संपलेलं नाही. महामार्ग बंद झाला की मोबाइलमधला नकाशा मोठ्या उत्साहानं दुसरी वाट सुचवतो, आणि ती कधी कधी जंगलातली, हिवाळ्यात कुणीही साफ न केलेली कच्ची वाट निघते. म्हणून दर वादळात पोलिसांना बजावावं लागतं की नकाशाचं ऐकून आडवाटेला लागू नका.

पावसाळ्यात वरंध घाट बंद म्हटल्यावर बाबा ताम्हिणीकडून वळतात, तशी सोय इथे फारशी नाही. दक्षिणेचा हायवे ५० इको समिटवरून जातो, तो याहूनही थोडा उंच. एक बंद असेल तेव्हा दुसऱ्याचीही फारशी आशा नसते.

मधल्या अवस्थांचे नियम मात्र छान आखलेले आहेत. पहिल्या पायरीला, म्हणजे आर-१ ला, स्नो टायर असलेल्या मोटारी चेनशिवाय जाऊ शकतात. आर-२ ला फक्त चारही चाकांना स्नो टायर असलेल्या फोर व्हील ड्राइव्ह, बाकी सगळ्यांनी चेन चढवायच्या. सवलत मिळाली तरी चेन गाडीत असाव्याच लागतात. आर-३ ला सगळ्यांना चेन, अपवाद नाही. पण ती वेळ येण्याआधी बहुधा रस्ताच बंद करतात. चेन चढवल्या की वेग ताशी तीसेक मैल. कडेला परवाना असलेली माणसं पैसे घेऊन चेन चढवून देतात. बर्फात उताणं पडून हे काम करणाऱ्याशी घासाघीस करायला दादालाही लाज वाटते म्हणे.

आज दुपारी एक मोठी गोष्ट घडली. बरोबरच्या दोनांपैकी एक कुटुंब ‘वादळाच्या आधी पोचू’ म्हणून रजा टाकून निघालंसुद्धा! रात्री नऊला त्यांचा फोटो आला: घर, शेकोटी, कॉफीचे मग. ग्रुपवर अंगठ्यांचा खच पडला. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्यावरून आठवलं, इयान मॅकॅमन नावाच्या अभ्यासकानं अमेरिकेतल्या ७१५ हिमस्खलन-अपघातांच्या नोंदी तपासल्या होत्या. धोक्याची चिन्हं समोर दिसत असूनही माणसं उतारावर का गेली, हा त्याचा प्रश्न होता. त्याला सापडलेली कारणं बर्फाची नव्हतीच. जागा ओळखीची आहे, एकदा ठरलंय तर करू, पुढे दुसरे गेलेत, आणि ताजा बर्फ आधी आपल्यालाच मिळाला पाहिजे, अशी ती होती. ट्रकीला जायच्या बेतात ही चारही कारणं एकाच सेडानमध्ये मावतात.

वहिनीनं रात्री कागद घेतला आणि दोन अटी लिहिल्या. दुपारी दोनला रस्ता पाहायचा. चढावरच्या ऑबर्न किंवा कोलफॅक्स गावाला चेनची पाटी दिसली तर तिथूनच मागे. तिचं म्हणणं असं की कोलफॅक्सच्या पुढे ठरवायला जागाच उरत नाही. मागे-पुढे गाड्या, मधे कठडा, अंधार. तिथे पोलीस ठरवतात किंवा पुढे आडवा झालेला ट्रक ठरवतो. म्हणून जे ठरवायचं ते घरात, पोटभर जेवून. दादानं मान हलवली, पण चेनचा डबा तेवढा डिकीत नेऊन ठेवला.

---

फ्रीमाँट, शनिवार, २ मार्च

ती. आई-बाबांस सा. न.

काळजी करू नका, सगळे इथेच आहेत. काल दुपारी रस्ता तांत्रिकदृष्ट्या उघडा होता, आणि खरी पंचाईत तीच. बंद रस्ता वाद घालू देत नाही, उघड्यावर अडीच तास वाद झाला. परिवहन खात्याच्या कॅमेऱ्यांत खिंडीजवळच्या किंगव्हेलला नुसता राखाडी पडदा दिसत होता. शेवटी निर्णय फिरवला तो धाकट्या पुतणीनं. तिला वळणावर गाडी लागते. “गाडीत आठ तास?” एवढंच विचारून ती बूट काढायला गेली.

संध्याकाळी कोलफॅक्सपासून नेवाडाच्या हद्दीपर्यंत आय-८० बंद झाला. गाड्या गोल फिरत होत्या, वाऱ्यापुढे काही दिसत नव्हतं, असं महामार्ग पोलिसांनी कळवलं. कित्येकांची रात्र खिंडीजवळ गाडीतच गेली. अशा वेळी बर्फानं गाडीच्या मागच्या धुराच्या पाइपाचं तोंड बुजलं आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं, तर विषारी वायू आत साठतो. म्हणून जाणती माणसं डिकीत फावडं, ब्लँकेट, पाणी आणि खाऊ ठेवतात, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाहीत, आणि थोड्या थोड्या वेळानं उतरून मागचा पाइप मोकळा करतात.

पॅलिसेड्स टाहो हे १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकचं ठिकाण. तिथल्या माथ्यावर ताशी १९० मैलांचा झोत नोंदवला गेला, असं बातम्यांत आहे. आज ते पूर्ण बंद. म्हणजे गुरुवारी पोचलेलं कुटुंब बर्फाच्या अगदी पोटात आहे आणि त्यांना स्की मात्र करता येत नाही. सकाळपासून वीज नाही. मुलं पत्ते खेळताहेत, मोठी माणसं दार उघडावं म्हणून बर्फ ओढताहेत. इथल्या सिएरा डोंगररांगेतला बर्फ हलका भुसभुशीत नसतो. समुद्राचं पाणी धरून आलेला, जड. इथले लोक त्याला सिएरा सिमेंट म्हणतात. त्यांच्या फोटोंवर आता अंगठे कमी येतात.

सगळे मूर्खच होते असं मात्र म्हणवत नाही. गुरुवारी वादळाची सुरुवात होती, त्यांची टायरं नवी होती, बरोबर चार दिवसांचं खाणं होतं, आणि परत यायची तारीख मोकळी ठेवलेली होती. जायचंच असेल तर असं. फजिती होते ती शुक्रवारी पाचला ऑफिस सुटल्यावर निघून सोमवारी नऊला मीटिंग असणाऱ्यांची, आणि इथल्या, फ्रीमाँटच्या आसपासच्या बे एरियातली बहुतेक गर्दी तीच असते. दादाही त्यातलाच.

भाड्याचे पैसे? गेले. दादानं अर्धा दिवस शोक केला, मग साबुदाण्याची खिचडी खाल्ली.

---

ट्रकी, शनिवार, ९ मार्च

ती. आई-बाबांस सा. न.

हे पत्र खरोखरच डोंगरातून. आज पहाटे चारला निघून सगळे साडेआठच्या आत पोचले. रस्ता काळा, कोरडा, आणि दोन्ही कडांना बर्फाच्या भिंती. नवं घर एका रात्रीपुरतंच मिळालं, तेही आधीच्यापेक्षा महाग. वादळानंतरच्या पहिल्या उन्हाची किंमत सगळ्यांनाच कळते.

इथले लोक वादळातल्या बर्फाइतकंच वादळानंतरच्या बर्फालाही जपून असतात. दादा-वहिनी लिफ्टच्या रांगेत उभे असताना शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी अल्पाइन मेडोजची गोष्ट सांगितली. ३१ मार्च १९८२. वादळामुळे स्की-केंद्र त्या दिवशी बंदच ठेवलं होतं, तरी हिमस्खलन खालच्या इमारती आणि वाहनतळापर्यंत आलं आणि सात जण गेले. एक तरुण कर्मचारी मुलगी ढिगाऱ्याखाली पाच दिवस जिवंत राहिली. याच जानेवारीत, १० तारखेला, पॅलिसेड्सच्या हद्दीत, चालू असलेल्या लिफ्टखालच्या उतारावर हिमस्खलन होऊन एक जण गेला. म्हणून सकाळी लिफ्ट सुरू होण्याआधी गस्तीची माणसं स्फोट करून सैल बर्फ खाली पाडतात. मुलांना दिवाळी वाटली. गस्तीवाल्यांनी दोरी सोडेपर्यंत रांगेतलं कुणी पुढे सरकलं नाही. दादा तर अगदी शिस्तीत, दोन पावलं मागेच.

वहिनी पहिल्यांदा निळ्या, म्हणजे मध्यम अवघड, उतारावरून एकदाही न पडता खाली आली. दादा पडला, पण त्याबद्दल तोच लिहील.

आता रात्रीचे नऊ वाजलेत आणि नवा वाद सुरू आहे. उद्या दुपारी सगळी बे एरिया एकदम परतणार, वाट चार तासांवरून सातवर जाणार. दादा म्हणतो, शेवटच्या लिफ्टपर्यंत थांबू आणि रात्री निघू. रात्री रस्त्यावरचं वितळलेलं पाणी गोठतं आणि काळ्या डांबरावर ते दिसत नाही, असं वहिनी म्हणते. तिचा बेत अकराला स्की उतरवून, डब्यातली पोळी-भाजी खाऊन बाराला खिंड ओलांडायचा. पुतणीनं तिच्या बाजूनं मत दिलंय. दादा अजून बोलतोय, पण स्कीचे बूट त्यानं आताच गाडीत नेऊन ठेवलेत.

तुमचा,
धाकटा