जटायूची तहान : रामलिंगच्या घळीत

समुद्रकाठी लाटेचे पाणी खडकाच्या छिद्रातून कारंज्यासारखे उसळले, की पाहणाऱ्याचे मन त्यामागची कथा शोधू लागते. धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु खडकातून फुटलेल्या पाण्याची एक कथा येथेही आहे. वाचकहो, ती ऐकण्यासाठी आपण येडशीजवळच्या रामलिंगाला जाऊ या.

बालाघाटाच्या डोंगरांत, १९९७ साली घोषित झालेल्या अभयारण्याच्या झाडीत, एका खोल घळीत हे शिवमंदिर आहे. पायऱ्या उतरू लागलो, की पावसाळ्यात पाण्याचा नाद कानी येतो. लोक सांगतात, सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाला वृद्ध जटायूने येथेच अडविले. घायाळ होऊन पडलेल्या त्या पक्षिराजासाठी रामाने बाण मारून खडकातून पाणी काढले. ती जागा आजही दाखविली जाते. पावसाळ्यात तेथे धबधबा कोसळतो. मंदिराच्या परिसरात जटायूची समाधीही आहे. नाशिक जिल्ह्यातील सर्वतीर्थ टाकेद येथेही अशीच कथा ऐकावयास मिळते.

भूशास्त्राचे उत्तर साधे आहे. हा काळा पाषाण लाव्हारसाच्या थरांचा. पाऊस त्याच्या भेगांत मुरतो आणि थरांच्या सांध्यांतून पुन्हा पाझरतो. तरीही कथेचे मोल कमी होत नाही. सीतेच्या शोधाची घाई असतानाही रामाने प्रथम, पित्याच्या या वृद्ध मित्राच्या मुखी पाणी घातले.

घरातील वडीलधाऱ्यांची सेवा करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असूनही ते मागितले जात नाही. तोंडाला कोरड, गडद लघवी, चक्कर, अचानक आलेला गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे असू शकतात. म्हणून मागण्याची वाट न पाहता थोडेथोडे पाणी द्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

रामलिंगाला जाताना सकाळची वेळ निवडावी, हाती काठी व सोबत माणूस असावा. ओल्या पायऱ्यांवर घाई नको. माकडे पुष्कळ आहेत, तेव्हा खाऊ झाकलेला बरा. उतरणे न झेपल्यास वरूनच हात जोडावेत. पाण्याची बाटली मात्र विसरू नये. आणि सोबतच्या वृद्धाने मागण्यापूर्वीच ती पुढे करावी.